समुद्राची गाळणी



राजकारण, साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांवर दरसाल व्याख्याने ऐकणाऱ्या आपणांपुढे आज मी तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्यांची हकीकत घेऊन उभा आहे. हे प्राणी बाजारात विकले जात नाहीत, कोणाला चावत नाहीत, रोग पसरवीत नाहीत. किनाऱ्यावर उभे राहून पाहू म्हटले तर दिसतही नाहीत. मग त्यांच्यासाठी वैशाखातली एक संध्याकाळ का खर्ची घालावी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे.

माझे म्हणणे आधी थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तपशील कशासाठी आहे हे ध्यानात राहील. समुद्रात काय आहे आणि काय नाही, यासंबंधीचे माणसाचे ज्ञान फार दिवस त्याच्या जाळ्याच्या भोकावर अवलंबून राहिले. कोळी लोक या भोकाला जाळ्याचा आस म्हणतात. आसातून जे निसटले ते जणू नव्हतेच, असा हिशेब शास्त्रज्ञही मांडीत आले. तो हिशेब अपुरा आहे हे दाखवून देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या प्राण्यांना आहे. कारण ते स्वतःच्या अंगातून जाळे काढतात आणि त्यांचा आस आपल्या कोणत्याही जाळ्याहून बारीक असतो. त्यांची गाळणी, त्यांचा संसार, त्यांचे आपल्याशी असलेले नाते आणि समुद्रतळाशी ते करीत असलेली पोच, अशा क्रमाने मी बोलणार आहे.

समुद्रातले कुरण

जमिनीवर कोण काय खातो हे डोळ्यांना दिसते. गाय गवत खाते, शेळी पाला खाते आणि वाघ शेळी खातो. समुद्रात मात्र, किनाऱ्यालगतचे शेवाळ सोडले तर, गवत नाही आणि पालाही नाही. मैलोगणती निळे पाणी पसरलेले असते. मग एवढ्या माशांचे पोट कशावर भरते? ते भरते पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पतींवर. त्यांना वनस्पतिप्लवक असे नाव आहे. सूर्यप्रकाशाच्या बळावर पृथ्वीवर दरवर्षी जेवढे अन्न तयार होते, त्यातील जवळजवळ निम्मे या तरंगत्या पेशी तयार करतात. म्हणजे जगातील अर्धी शेती समुद्रात आहे. पण या शेतातला दाणा फार बारीक! एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाला मायक्रोमीटर म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारणपणे साठसत्तर मायक्रोमीटर जाड असतो. समुद्रातील पुष्कळशा वनस्पतिपेशी दोन, पाच, दहा मायक्रोमीटरच्या असतात आणि काही तर एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात.

त्यातून दाणे विरळ. मोठ्या तलावात मूठभर सोजी टाकावी आणि ती खाऊन जगा म्हणावे, तशातला हा प्रकार. एकेक दाणा वेचीत बसणाऱ्याचे पोट भरणार नाही. ज्याला जगायचे आहे त्याने पाणी गाळले पाहिजे. कालवे आणि शिंपले खडकाला किंवा रेतीला धरून राहतात आणि जवळून जाणारे पाणी गाळतात. वसई-उत्तनकडची डोल जाळी ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही तऱ्हा सहज कळेल. डोल जाळे म्हणजे नरसाळ्यासारखी एक लांबलचक पिशवी. ती भरतीओहोटीच्या ओढीत तोंड उघडे ठेवून बांधतात; तोंडाशी आस मोठा, शेपटाकडे बारीक होत गेलेला. पाणी आपले आपण येते, जवळा आणि बोंबील आत राहतात, पाणी पुढे जाते.

पण भर समुद्रात, जेथे बांधावयाला खुंटा नाही आणि ओढ असली तरी आपणही तिच्याबरोबरच वाहत जाणार, तेथे काय करावे? तेथे जाळेही बरोबर नेले पाहिजे आणि ओढही आपणच उत्पन्न केली पाहिजे. हे कोडे ज्यांनी सोडविले, त्यांपैकी दोघांची आज ओळख करून घेऊ. एकाचे नाव ऑयकोप्ल्युरा, दुसऱ्याचे साल्पा.

दिवसाकाठी दहा घरे

ऑयकोप्ल्युरा या नावातील 'ऑयकॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ घर असा आहे, आणि हे नाव सार्थ आहे. ऑयकोप्ल्युरा डायॉइका ही या कुळातील सर्वांत अभ्यासलेली जात. तिचे धड सुमारे एक मिलिमीटर, आणि त्याला धडाच्या तीनचार पट लांब अशी चपटी शेपटी. बेडकाचे पिल्लू चिमटीत मावणार नाही इतके लहान करून पारदर्शक केले, तर जसे दिसेल तसे हे रूप.

या प्राण्याच्या धडावरील त्वचेतून एक पातळ, चिकट थर पाझरतो. त्यात काही प्रथिने असतात आणि सेल्युलोज असते. सेल्युलोज म्हणजे आपल्या धोतर-लुगड्याच्या सुतात असणारा पदार्थ. तो वनस्पतींचा खास माल. प्राणिसृष्टीत तो तयार करणारे ऑयकोप्ल्युराचे गणगोत तेवढे आढळते, आणि त्याची विद्या त्यांच्या पूर्वजांनी फार प्राचीन काळी जीवाणूंकडून उचलली, असे त्यांच्या जनुकांवरून दिसते. हा थर प्रथम घडी घातलेल्या कपड्यासारखा अंगाला चिकटून असतो. मग प्राणी मान हलविल्यासारखी धडाची हालचाल करतो, शेपटी आत घालून फडफडवितो, घडीत पाणी शिरते, आणि पाहता पाहता ती फुगून लहानशा वाटाण्याएवढे एक पारदर्शक घर तयार होते. प्राणी त्या घराच्या मधोमध बसलेला असतो.

या घराचा प्रत्येक भाग कामाचा आहे. पाणी आत येण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंस एकेक जाळी आहे. तिचा आस तेवढा बारीक नाही. मोठे, अडचणीचे कण तेथेच अडतात. शेपटी पंपाचे काम करते. तिच्या जोराने पाणी आतल्या दुसऱ्या जाळीकडे लोटले जाते. या दुसऱ्या जाळीचा आस मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढा असतो. तीतून पाणी पार होते आणि दाणे मागे राहतात. असा दाट झालेला रस प्राणी एका नळीने तोंडाशी ओढून घेतो, आणि निथळलेले पाणी मागच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्याच्या रेट्याने घर हळूहळू पुढे सरकते. जेवण आणि प्रवास एकाच खर्चात!

गाळणीचा एक दोष आपल्या गृहिणींना चांगला ठाऊक आहे: ती तुंबते. चहाची गाळणी आपण झटकून धुतो. ऑयकोप्ल्युराला ती सोय नाही. घर तुंबले की तो ते सोडून देतो. अंगावर दुसऱ्या घराची घडी तयारच असते. ती थोड्याच वेळात फुगते आणि काम पुन्हा सुरू होते. पाण्याची ऊब आणि अन्नाचा पुरवठा यांप्रमाणे एक प्राणी दिवसाकाठी चारपाचपासून पंधरासोळापर्यंत घरे बांधतो आणि टाकतो. सोडलेल्या या घरांचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. व्याख्यानाच्या उत्तरार्धात तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

एवढी लगबग करणाऱ्याचे आयुष्य किती? उबदार पाण्यात पाचसहा दिवस, थंड पाण्यात थोडे अधिक. मादीची अंडी पक्व झाली की तिच्या शरीराची भिंतच फुटते, अंडी बाहेर पडतात आणि ती मरते. नरही आपले काम संपवून मरतो. त्याच आठवड्यात पुढची पिढी घरे बांधू लागलेली असते.

प्राण्याने शास्त्रज्ञाला शिकविले

आता जाळ्याच्या आसाची गोष्ट सांगतो. जर्मनीतील कील येथे व्हिक्टर हेन्सेन नावाचे शरीरविज्ञानाचे प्राध्यापक होते. समुद्रातील तरंगत्या जीवांना 'प्लँक्टन' हे नाव त्यांनी १८८७ साली दिले. शेताचे पीक मोजावे तसे समुद्राचे पीक मोजता येईल, अशी त्यांची कल्पना होती, आणि त्यासाठी १८८९ साली 'नॅशनल' नावाच्या जहाजातून त्यांनी अटलांटिक महासागरात मोठी सफर काढली. जाळी केली होती पीठगिरणीवाले मैदा चाळण्यासाठी वापरतात त्या रेशमी कापडाची. त्या काळी याहून बारीक आणि टिकाऊ चाळण मिळणे कठीण होते. तरी सर्वांत बारीक रेशमाचाही आस मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे सुमारे पन्नास मायक्रोमीटर. मघाशी सांगितलेले दोन, पाच, दहा मायक्रोमीटरचे दाणे त्यात कसे राहावेत?

कीललाच हान्स लोमान नावाचे दुसरे एक संशोधक ऑयकोप्ल्युराच्या जातभाईंचा अभ्यास करीत होते. या प्राण्यांची घरे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहताना त्यांना आतल्या जाळीत असंख्य बारीक पेशी अडकलेल्या दिसल्या. रेशमी जाळ्यात त्या कधी फारशा आल्या नव्हत्या. समुद्रात त्या थोड्याथोडक्या असत्या तर मिलिमीटरभर प्राण्याच्या घरात काही तासांत एवढा साठा जमलाच नसता. म्हणजे समुद्राच्या पिकातील मोठा हिस्सा शास्त्रज्ञांच्या चाळणीतून आजवर खाली सांडत होता!

लोमान यांनी मग जाळे बाजूला ठेवले. समुद्राचे साधे पाणी बाटलीत घेऊन ते यंत्राने गरगर फिरवावे आणि तळाशी बसलेला गाळ तपासावा, अशी पद्धत त्यांनी अवलंबिली. या सूक्ष्म जीवांना त्यांनी 'नॅनोप्लँक्टन', म्हणजे ठेंगू प्लवक, असे नाव दिले, आणि १९११ साली त्यांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. ज्याच्यावर संशोधन करावयाचे त्या प्राण्यानेच संशोधकाला उपकरण दाखवून द्यावे, अशी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

गोष्ट येथेही संपत नाही. १९८८ साली अमेरिकेतील सॅली चिझम आणि त्यांचे सहकारी यांनी प्रोक्लोरोकॉकस नावाचा त्याहूनही बारीक जीव उजेडात आणला. तो मायक्रोमीटरहूनही लहान आहे, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो, आणि अशा जीवांमध्ये पृथ्वीवर त्याच्याएवढी संख्या दुसऱ्या कोणाची नाही असे मानले जाते. ज्याची संख्या सर्वांत मोठी तोच आपल्याला सर्वांत शेवटी दिसावा, हा योगायोग नाही. तो आपल्या चाळणीचा परिणाम आहे. ऑयकोप्ल्युराची जाळी हे दाणे कितीतरी आधीपासून गोळा करीत होती.

आजीसारखी नात

दुसरा प्राणी साल्पा. हे नाव देणारा माणूस लिनीअसचा शिष्य पेटर फोर्सकोल. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानाकडे विद्वानांची एक तुकडी धाडली, तीत तो होता. १७६३ साली येमेनमध्ये तापाने त्याचा अंत झाला. त्या तुकडीतील कार्स्टेन नीबूर त्याच वर्षी मुंबईला पोचला, आणि तेथील मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे आणि चित्रे केली. मंडळीपैकी जिवंत परतला तो एकटा नीबूर. आणि मेलेल्या मित्राची टिपणे छापून काढण्याचे काम त्याने १७७५ साली पुरे केले. साल्पाचे वर्णन त्या पुस्तकात आहे. घारापुरीच्या अभ्यासकाला नीबूर परिचित असतो. साल्पाचे नाव जगापुढे आले तेही त्याच्याच निष्ठेमुळे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

साल्पा म्हणजे दोन्ही टोकांना उघडी अशी एक पारदर्शक पिंपे. काही जाती तांदळाच्या दाण्याएवढ्या, काही बोटभर, काही त्याहून मोठ्या. पिंपाला कड्या असाव्यात तसे स्नायूंचे पट्टे असतात. ते आवळले की पाणी मागून जोराने बाहेर पडते आणि प्राणी पुढे जातो. सैल पडले की पुढून नवे पाणी आत येते. आत चिकट धाग्यांची एक पिशवी टांगलेली असते. पाणी तीतून गाळले जाते, आणि ही पिशवी अडकलेल्या अन्नासकट दोरीसारखी वळत वळत सारखी पोटात जात असते. पुढून नवी विणली जाते, मागून जुनी गिळली जाते. म्हणून साल्पाला घर टाकावे लागत नाही. तिचा आस सुमारे एकदीड मायक्रोमीटर. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, आसाहून बारीक कणही धाग्यांना चिकटून मोठ्या संख्येने अडकतात. साल्पाचे हृदयही विलक्षण आहे. ते काही वेळ रक्त एका दिशेने ढकलते, क्षणभर थांबते आणि मग उलट दिशेने ढकलू लागते.

पण खरी नवलाई तिच्या वंशाची. काही साल्पा एकट्या पोहतात, तर काही एकमेकींना चिकटून लांब माळ करून पोहतात. दोन्ही दिसावयास इतक्या वेगळ्या की, त्या निरनिराळ्या जाती होत असे समजत. आडेलबेर्ट फोन शामिसो हा जर्मन कवी 'रूरिक' या रशियन जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून १८१५ ते १८१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. आपली सावली विकून बसलेल्या माणसाची त्याची कथा प्रसिद्धच आहे. या कवीने साल्पांना बारकाईने पाहिले आणि १८१९ साली एक लहानसे पुस्तक लिहून सांगितले की, या दोन जाती नसून एकाच जातीच्या दोन पिढ्या आहेत. एकटी साल्पा आपल्या अंगातून कोंबासारखी माळ काढते. माळेतली प्रत्येक साल्पा आधी मादी असते. बहुतेक जातींत तिच्या पोटी एकच गर्भ वाढतो, आणि तोही वारेसारख्या अवयवातून आईचे पोषण घेऊन. तो जन्मला की एकटी साल्पा होतो. आई मग नर बनून पुढच्या माळांतील माद्यांची अंडी फळवते. सारांश, लेक आईसारखी नसते, ती आजीसारखी असते! 'खाण तशी माती' ही आपली म्हण साल्पांच्या घरी चालत नाही.

हे ऐकून त्या काळच्या पुष्कळ विद्वानांनी शामिसोची थट्टा केली. कवीच्या कल्पनेचा खेळ म्हणून ते सोडून दिले. १८४२ साली डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी इतर प्राण्यांतही अशी पिढ्यांची अदलाबदल असते हे दाखविले, तेव्हा कवीचे म्हणणे खरे ठरले. या व्यवस्थेचा फायदा असा की, अन्न वाढले की साल्पा जोडीदाराची वाट न पाहता कोंब फोडतात. थालिया डेमोक्रॅटिका या लहान जातीत शरीराची लांबी तासाला दहा टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद आहे. मग समुद्राचा मोठा पट्टा काही दिवसांत साल्पांनी भरून जातो. २०१२ सालच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन अणुवीजकेंद्राच्या पाणी ओढून घेण्याच्या जाळ्या साल्पांनी इतक्या तुंबल्या की, तेथील चालू अणुभट्टी बंद करावी लागली. गाळणीवाल्यांनी आपली गाळणी बंद पाडली, असे म्हणावयास हरकत नाही.

घरातले नाते

हे प्राणी आपले कोण लागतात? सहज कोणी म्हणेल, जेलिफिशचे भाऊबंद असतील. ते तसे नाहीत. ऑयकोप्ल्युराच्या शेपटीतून एक लवचीक दांडी जाते. तिला पृष्ठरज्जू म्हणतात. तुमच्याआमच्या शरीरात, आईच्या पोटात असताना, पाठीच्या कण्याच्या जागी प्रथम हीच दांडी असते. १८६६ साली रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी या प्राण्यांचे खडकावर राहणारे नातलग, म्हणजे ॲसिडियन, यांच्या पिल्लांत ही दांडी असल्याचे दाखवून दिले. तोपर्यंत त्यांची गणना शिंपल्यांच्या जवळ होत असे. डार्विनने १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात या शोधाला मोठे महत्त्व दिले. आणि २००६ साली जनुकांची तुलना करणाऱ्या संशोधकांनी असे दाखविले की, कणा असलेल्या प्राण्यांचे सर्वांत जवळचे आप्त हेच होत.

याहून घरगुती पुरावा हवा असेल तर स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहा. साल्पाच्या घशाच्या तळाशी एक खोबण असते. जाळ्याचे चिकट धागे तीतून निघतात. ही खोबण आयोडीन गोळा करते. लॅम्प्रे नावाच्या आद्य माशासारख्या प्राण्याच्या पिल्लातही अशीच खोबण असते. ते पिल्लू मोठे झाले की त्याच खोबणीचे अवटू ग्रंथीत रूपांतर होते. आयोडीन कमी पडले की माणसाला गलगंड होतो, तो याच ग्रंथीच्या वाढीमुळे. आपल्या गळ्यातील ही ग्रंथी एका जुन्या गाळणीचा वारसा आहे.

यावरून हे प्राणी खालच्या पायरीवर राहिलेले आपले गरीब नातलग होत, असे मात्र कोणी समजू नये. ऑयकोप्ल्युराचा जनुकसंच २०१० साली पूर्णपणे वाचून प्रसिद्ध झाला. सुमारे सात कोटी अक्षरे. आपला सुमारे तीनशे कोटींचा. त्याने अडगळ काढून टाकली, आयुष्य आठवड्यात बसविले, आणि आपल्या कामात तो अतिशय तरबेज झाला. त्याची वाट वेगळी झाली, एवढेच.

टाकलेल्या घरांचे काय होते?

आता बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे वळू. सुटी वनस्पतिपेशी पाण्यात बुडते ती फारच मंद, दिवसाला जेमतेम मीटरभर. तेवढ्यात ती कोणीतरी खातो किंवा ती कुजते, आणि तिच्यातला कार्बन पुन्हा पाण्यात आणि काही अंशी हवेत परत येतो. पण हजारो पेशी एकत्र दाबून केलेली साल्पाची विष्ठेची गोळी जड असते. ती दिवसाला शेकडो मीटर, कधी हजारांवरही, खाली जाते. टाकलेले घरही त्यात अडकलेल्या अन्नासकट खाली जाते. खोल अंधारात, जेथे सूर्यकिरण नाही आणि शेती नाही, तेथील जीवांना हे वरून पडणारे अन्न म्हणजे धान्याची रसदच होय. आणि खोल गेलेला कार्बन पुष्कळ वर्षे वर येत नाही.

येथे जाळ्याची गोष्ट दुसऱ्यांदा घडली. वरून किती अन्न पडते हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ समुद्रात नरसाळ्यासारखी भांडी टांगून ठेवतात. त्यांत जमलेल्या गाळावर तळच्या जीवांचे पोट भरणे शक्य नाही, असा हिशेब येई. तळचे जीव तर जिवंत आणि धडधाकट! कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात ब्रूस रॉबिसन आणि त्यांचे सहकारी दूरनियंत्रित पाणयंत्रांतील कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षे खोल पाणी पाहत होते. तेथे बॅथोकॉर्डियस नावाचा ऑयकोप्ल्युराचा एक धिप्पाड आप्त राहतो. अंगाने बोटभर, पण घर मीटरभराहून रुंद. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो तासाला ७६ लिटरपर्यंत पाणी गाळतो असे दिसले. त्याची टाकलेली घरे मिटून दिवसाला सुमारे ८०० मीटर वेगाने तळाकडे जातात. ती इतकी नाजूक असतात की, मोजणीच्या भांड्यांत धड पडत नाहीत. २००५ साली रॉबिसन यांनी दाखविले की, हिशेबात न धरलेल्या अन्नाचा मोठा वाटा या घरांत होता. पुन्हा तेच! समुद्रात काय आहे हे आपण आपल्या भांड्याच्या तोंडावरून ठरवीत होतो.

हे सारे परदेशचे झाले. आपल्या समुद्राचे काय? हिंदी महासागराची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी १९६० ते १९६५ या काळात झाली. भारतीय नौदलाची 'किस्तना' ही नौका तीत होती. गोळा केलेले प्राणिप्लवक कोचीन येथील केंद्रात निवडले गेले. त्या उपक्रमातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यात डोना पावला येथे आहे. त्या संस्थेतील नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच असा आहे: उत्तर अरबी समुद्रात हिवाळी वाऱ्यांच्या काळात कार्बनाची जी उलाढाल होते, तीत साल्पांचे महत्त्व काय? थंडीत तेथे वरचे पाणी गार होऊन खालच्याशी मिसळते, खते वर येतात आणि वनस्पतिप्लवकांचे पीक उठते. ते पीक कोण कापतो आणि कोठे टाकतो, यावर खाली जाणाऱ्या कार्बनाचे प्रमाण बरेचसे अवलंबून आहे.

हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. माणूस धुराड्यांतून जो कार्बन वायू सोडतो, त्यातील सुमारे चौथा हिस्सा समुद्र घेतो. त्यातला पुष्कळसा पाण्यात नुसता विरघळतो, हे खरे. पण आधीपासून खोल गेलेला साठा खालीच राहावा यासाठी वरून खाली चाललेली ही जीवांची पोच अखंड चालू राहावी लागते. हवा किती तापेल याचे भाकीत करणाऱ्याला साल्पांची आणि घरे टाकणाऱ्या या प्राण्यांची मोजदाद हिशेबात धरावी लागते. त्यांनी सारे निस्तरावे आणि आपण धूर सोडीत राहावे, असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये. साल्पा येतात तेव्हा कोट्यवधी येतात आणि नाहीशा होतात तेव्हा अजिबात नाहीशा होतात. अशा मजुरावर कारखाना सोपविता येत नाही.

शिवाय गाळणीला चांगलेवाईट कळत नाही. तिला कळतो तो आकार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माँटेरे उपसागरात बॅथोकॉर्डियसच्या घराजवळ प्लॅस्टिकचे बारीक मणी सोडून पाहिले. प्राण्याने ते गाळून घेतले, काही गिळले. विष्ठेतून आणि टाकलेल्या घरांतून ते तळाकडे चालते झाले. म्हणजे अन्नाची जी वाट, तीच आता आपल्या केरकचऱ्याचीही वाट झाली आहे. आणि वरच्या पाण्यात या प्राण्यांना खाणारेही आहेत. युरोपच्या उत्तर समुद्रातील प्लेस नावाच्या चपट्या माशाची पिल्ले मोठ्या प्रमाणावर ऑयकोप्ल्युरावर वाढतात. नदीत टाकलेली पिशवी उन्हाने आणि लाटेने चुरा होऊन या गाळणीत शिरते, तेव्हा ती आपल्या ताटापासून फार दूर राहिलेली नसते.

समारोप

आरंभी घेतलेल्या शंकेचे उत्तर आता आपणच द्यावे. माझ्यापुरते मी एवढेच म्हणेन की, उपयोगाचे काय आणि निरुपयोगी काय हे ठरविण्याची आपली घाईही एक प्रकारची चाळणच आहे, आणि तिचा आस फार मोठा आहे. हेन्सेन यांच्यासारखा कसलेला शास्त्रज्ञ आपल्या रेशमाच्या मर्यादेत सापडला. मग तुमची आमची काय कथा? चाळण टाकून देता येत नाही, कारण तिच्यावाचून काहीच हाती लागत नाही. पण आपल्या चाळणीचा आस किती, हे मोजमाप लिहिताना शेजारी लिहून ठेवावे, एवढी शिस्त मात्र पाळता येईल. विज्ञानात ती उपयोगी पडते. नगरपालिकेच्या अहवालात आणि घरच्या जमाखर्चातही ती उपयोगी पडावी.

येथे जे शिक्षक आणि विद्यार्थी बसले आहेत, त्यांना एक विनंती आहे. सुट्टीत कोकणात गेलात तर शांत दिवशी होडीतून थोडे आत जा. जाळे नेऊ नका. जाळ्यात ही घरे फाटतात. काचेची स्वच्छ बरणी पाण्यात हलकेच बुडवा, ती काळ्या कापडापुढे उन्हात धरा आणि धीराने पाहा. पहिल्या बरणीत काही दिसेलच असे नाही. दहाव्या बरणीत कदाचित एखादी पारदर्शक शेपटी वळवळताना दिसेल. शाळेचा सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असेल, तर तो बाहेर काढण्यास याहून चांगले निमित्त मिळावयाचे नाही.